निरंक

खो-खोचा सामना संपला की जाणकार प्रेक्षक गुणलेखकाच्या टेबलाकडे वळतात. कोणता संघ जिंकला हे मैदानावरच कळलेले असते. त्यांना पाहायचे असते ते वेगळे. गुणलेखकाच्या कागदावर दोन प्रकारच्या नोंदी असतात. कोणी किती गडी टिपले ही एक, आणि कोण किती वेळ टिकले ही दुसरी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येणारी बातमीही त्याच वळणाची असते. अमकीने चार गडी बाद केले, तमकीने दोन मिनिटे वीस सेकंद पळती केली. जिने एकही गडी टिपलेला नाही, पण जी दोन खांबांच्या मध्ये बसलेल्या आठ जणींना आणि पाठीवर असलेल्या नववीला तीन मिनिटे हुलकावण्या देत राहिली, तिचे नाव त्या बातमीत मानाने छापले जाते. नऊ मिनिटांच्या डावात तीन मिनिटे न सापडणे ही केवढी गोष्ट आहे, हे जो एकदा तरी पळला आहे त्यालाच ठाऊक.

आपला धाराशिव जिल्हा म्हणजे या खेळाचे एक घरच. २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे ही आपल्या जिल्ह्याची. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला हे दोन्ही भारतीय संघ तो जिंकले, तेव्हा आमच्या गावातल्या पोरींनी शाळेच्या मैदानावर फटाके वाजवले होते. मी स्वतः महाविद्यालयाच्या संघात पहिल्या तुकडीत पळते. त्यामुळे टिकून राहणे ही मोजण्याची, लिहून ठेवण्याची गोष्ट असते, असे माझ्या मनाने लहानपणापासून धरून ठेवलेले. बाकीचे जग तसे मोजत नाही, हे मला फुटबॉलने सांगितले.

आता कोणी म्हणेल, लोहाऱ्याच्या मुलीचा आणि फुटबॉलचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे सोयाबीन निघाले की मोकळ्या रानात क्रिकेट सुरू होते, जत्रेत कुस्त्या होतात, शाळेत कबड्डी आणि खो-खो. फुटबॉल आमच्याकडे आला तो मोबाइलमधून. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री कतारमधील लुसैल येथे विश्वचषकाचा अंतिम सामना होता. माझा दादा पुण्याला एका कंपनीत काम करतो; तो त्या वेळी सुटीवर घरी आला होता. त्याने मोबाइल उशीला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघे पाहत बसलो. अर्जेंटिना आणि फ्रान्स यांची तीन-तीन अशी बरोबरी होती. जादा वेळेचेही शेवटचे क्षण चालू होते. एवढ्यात फ्रान्सचा कोलो मुआनी चेंडू घेऊन एकटाच गोलरक्षकासमोर येऊन उभा ठाकला. अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्टिनेझने अंग झोकून पाय पसरला आणि तो चेंडू परतवला. पुढे पेनल्टींवर अर्जेंटिना ४-२ असा जिंकला. सकाळी सगळीकडे मेस्सीचे दोन गोल आणि एम्बापेचे तीन गोल यांचीच चर्चा.

मी दादाला विचारले, "त्यानं शेवटी पायानं अडवलं, ते कुठं लिहितात?"

दादा हसला. म्हणाला, "अडवल्याचं काय लिहायचं? गोल झालाच नाही की."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसले. गोल झालाच नाही, म्हणून लिहायचे काही नाही. आमच्या खो-खोत मात्र गडी बाद झाला नाही, हेच लिहायचे असते!

पुढच्या वर्षी याच मार्टिनेझला 'यशिन ट्रॉफी' मिळाल्याचे वाचनात आले. हा यशिन कोण म्हणून मी शोध सुरू केला. आमच्या क्रीडाशिक्षक सरांना विचारले, ग्रंथालयातली जुनी नियतकालिके चाळली, मोबाइलवर वाचले. वाचता वाचता एक माणूस माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग आपल्या शेजारचा, गोव्याचा दुसरा. त्या दोघांविषयी आणि त्यांच्यामुळे आमच्या घरात सुरू झालेल्या एका वादाविषयी लिहावे, म्हणून हा प्रपंच.

लेव्ह यशिनचा जन्म २२ ऑक्टोबर १९२९ चा, मॉस्कोचा. घर कामगाराचे. महायुद्धाच्या काळात हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा शाळा सोडून कारखान्यात यंत्रापुढे उभा राहिला. अठराव्या वर्षाच्या सुमारास त्याचे मन इतके थकले की काम करणे अशक्य झाले. पुढे सैन्यातील सेवेत असताना तो गोलरक्षक म्हणून डायनामो मॉस्को या क्लबच्या नजरेस पडला. तिथे खोमिच नावाचा नामांकित गोलरक्षक आधीच होता. १९५० मध्ये यशिनला पहिली संधी मिळाली. त्या सामन्यात समोरच्या गोलरक्षकाने आपल्या टोकाकडून मारलेला लांबलचक चेंडू थेट याच्या जाळ्यात गेला. चेंडू पकडायला धावताना हा आपल्याच खेळाडूवर आदळला होता. असा आरंभ झाल्यावर एखादा खेळ सोडून गेला असता. यशिन राखीव फळीत थांबला. त्या काळात तो बर्फावरच्या हॉकीतही गोल राखत असे, आणि १९५३ मध्ये त्या खेळातला सोव्हिएत चषकही त्याच्या संघाने जिंकला. तीन वर्षे वाट पाहिल्यावर फुटबॉलच्या मुख्य संघात त्याची जागा पक्की झाली आणि मग ती १९७० पर्यंत हलली नाही. एकाच क्लबकडून ३२६ साखळी सामने, पाच वेळा सोव्हिएत अजिंक्यपद, १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकचे सुवर्णपदक, १९६० मध्ये पॅरिसला युगोस्लाव्हियावर २-१ असा विजय मिळवून पहिला युरोपीय चषक.

हे झाले आकडे. यशिनचे खरे काम आकड्यांत मावत नाही. त्याच्या आधीचे बहुतेक गोलरक्षक दोन खांबांच्या मध्ये उभे राहून चेंडू येण्याची वाट पाहत. यशिन पुढे येऊन चेंडूला सामोरा जाई. पकडता येण्याजोगा चेंडू नसेल तर मुठीने लांब ठोसा देई. हातात आलेला चेंडू लगेच आपल्या गड्याकडे फेकून तिथूनच चढाई सुरू करी. आणि सतत ओरडून आपल्या बचावपटूंना जागा दाखवी; त्याला मागून सगळे मैदान दिसत असे. म्हणजे चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचे निम्मे काम झालेले असे. त्याच्या गडद पोशाखामुळे लोक त्याला 'काळा कोळी' म्हणत. १९६३ साली त्याने सत्तावीस साखळी सामन्यांत अवघे सहा गोल होऊ दिले आणि त्या वर्षीचा 'बॅलन डी'ऑर' हा युरोपातील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान त्याला मिळाला. हा मान मिळालेला तो आजवरचा एकमेव गोलरक्षक आहे.

पण त्याच्या आदल्याच वर्षी काय झाले होते, ते पाहण्यासारखे आहे. १९६२ चा विश्वचषक चिलीत होता. कोलंबियाविरुद्ध सोव्हिएत संघ चांगला पुढे असताना सामना ४-४ असा बरोबरीत सुटला. त्यातला एक गोल तर कोपऱ्यावरून मारलेला चेंडू थेट जाळ्यात जाऊन झाला. पुढे यजमान चिलीकडून २-१ अशी हार पत्करून संघ घरी परतला. सगळा दोष एकट्या यशिनच्या माथी आला. मॉस्कोच्या मैदानात त्याच्याच लोकांनी त्याला शिट्ट्या मारून हिणवले. तिशी ओलांडलेल्या या माणसाने आता थांबावे, असे अनेकांना वाटले. तो काही काळ दूर राहिला, परत आला, आणि २३ ऑक्टोबर १९६३ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर जागतिक संघाकडून इंग्लंडविरुद्ध पहिला अर्धा डाव त्याने गोल न होऊ देता राखला. १९७१ च्या मे महिन्यात त्याच्या निरोपाच्या सामन्याला मॉस्कोत एक लाख लोक जमले. शिट्ट्या मारणारे त्यातही असतीलच.

यशिनचे दैव थोर म्हणायचे, कारण त्याला परत येता आले. ब्राझीलच्या बार्बोझाला ते मिळाले नाही. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेच्या घिग्गियाने मारलेला चेंडू खांब आणि बार्बोझा यांच्यामधून आत गेला आणि ब्राझील १-२ असा हरला. बार्बोझा त्या काळच्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक गणला जाई. त्याने अडवलेले शेकडो चेंडू एका क्षणात पुसले गेले. २००० साली तो वारला, तोवरची पन्नास वर्षे त्याच्या देशाने त्याला तो एकच गोल ऐकवला. चढाई करणाऱ्याने दहा संधी दवडून अकराव्या वेळी गोल केला तर तो वीर ठरतो. राखणाऱ्याने दहा चेंडू अडवून अकरावा सोडला तर तो गुन्हेगार. एकाच मैदानावर हिशेबाच्या दोन तऱ्हा!

आता आपल्याकडे वळू. मेलबर्नला यशिनच्या गळ्यात सुवर्णपदक पडले, त्याच १९५६ च्या स्पर्धेत भारत चौथा आला होता. भारतीय फुटबॉलचे ते सोन्याचे दिवस. त्या स्पर्धेतली एक गोष्ट जाणकारांना तोंडपाठ असते: नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेले तीन गोल. त्याच संघात थंगराज आणि मुंबईत खेळणारे एस. एस. नारायण हे दोन गोलरक्षक होते. त्यांची नावे किती जणांना आठवतात? मला तरी हा शोध सुरू करेपर्यंत माहीत नव्हती.

आणि मग गोवा. १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूने गोव्यात फुटबॉल आणला असे मानतात. पुढे तो तिथल्या शेतांत, चर्चच्या अंगणांत आणि समुद्राच्या वाळूत इतका रुजला की गोवेकराला तो परका वाटेना. अशा गोव्यात, पणजीलगतच्या ताळगावात, ६ मार्च १९५४ ला ब्रह्मानंद शंखवाळकर यांचा जन्म झाला. गोवा मुक्त झाला तेव्हा ते सात वर्षांचे होते. पणवेल स्पोर्ट्स क्लबपासून आरंभ करून ते साळगावकर संघात गेले आणि कारकिर्दीचा मोठा काळ त्याच संघाचे खांब त्यांनी राखले. १९८३ ते १९८६ या काळात ते भारतीय संघाचे कर्णधार होते.

त्यांच्याविषयी वाचताना मी जिथे थांबले ती जागा अशी. राज्यांच्या संघांमधली संतोष ट्रॉफी स्पर्धा १९४१ पासून चालत आलेली. बंगालचा तिच्यावर जणू वडिलोपार्जित हक्क. १९८२-८३ च्या हंगामात गोव्याने अंतिम सामन्यात बंगालला गोल करू दिला नाही. स्वतःलाही करता आला नाही. दोघांना संयुक्त विजेते ठरवण्यात आले. गोव्याच्या नावावर ही ट्रॉफी पहिल्यांदाच लागली. पुढच्या, म्हणजे १९८३-८४ च्या हंगामात मद्रासला गोव्याने अंतिम सामन्यात पंजाबला १-० असे हरवले आणि ट्रॉफी एकट्याने घरी आणली. कर्णधार ब्रह्मानंद. त्या संपूर्ण स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. ब्रह्मानंद यांच्या नावावर सलग ५७६ मिनिटे गोल न स्वीकारण्याचा विक्रम सांगितला जातो.

५७६ मिनिटे! मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. नऊ तास छत्तीस मिनिटे. नव्वद मिनिटांचे सहा सामने आणि वर छत्तीस मिनिटे. खो-खोत तीन मिनिटे टिकल्यावर मला मैदानाच्या कडेला आडवे पडावे लागते. एवढा वेळ त्या माणसामागे ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच अशी मोकळी चौकट होती, सुमारे अठरा चौरस मीटरची. आमच्या घराच्या ओसरीएवढी. आणि त्या चौकटीतून काहीही आत गेले नाही. मला हा आकडा एकदम ओळखीचा वाटला, कारण तो आमच्या खो-खोच्या कागदावरचा आकडा आहे. मिनिटांचा. फुटबॉलमध्येही कोणीतरी घड्याळ लावून बसले होते आणि टिकून राहणे लिहीत होते, याचा मला आनंद झाला.

मात्र लिहिले गेले तरी पोहोचायला वेळ लागतोच. ब्रह्मानंद यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९९७ मध्ये, भारताचे कर्णधारपद संपून अकरा वर्षे झाल्यावर. पद्मश्री जाहीर झाली ती २०२२ मध्ये. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. राखणाऱ्याचे कौतुक चालत येते, धावत येत नाही.

याचे कारण काय असावे? मला वाटते, घडलेली गोष्ट डोळ्यांना दिसते आणि न घडलेली गोष्ट मनाने पाहावी लागते. एवढी तसदी कोण घेतो? २००७ मध्ये इस्राएलमधील काही संशोधकांनी २८६ पेनल्टींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनल्टी अकरा मीटरांवरून मारतात. जोराचा चेंडू ते अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो, त्यामुळे गोलरक्षकाला आधीच ठरवावे लागते: डावीकडे झेपावायचे, उजवीकडे, की मध्येच उभे राहायचे. अभ्यासात दिसले ते असे, की मध्ये थांबणाऱ्याने तीनांतली एक पेनल्टी अडवली. झेपावणाऱ्यांचे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. तरीही शंभरांतले सहाच गोलरक्षक मध्ये थांबत. संशोधकांनी लावलेला अर्थ असा, की उभे राहून गोल झाला तर लोक म्हणतात, याने काहीच केले नाही. झेप घेऊन गोल झाला तर निदान प्रयत्न दिसतो. म्हणजे राखणाऱ्यालाही अखेर दिसण्याचा मोह आणि न दिसण्याची भीती सोडत नाही. त्यात त्याचा दोष किती आणि पाहणाऱ्यांचा किती?

आमचे आबा सांगत, त्यांच्या तरुणपणी ज्वारीला राखण ठेवावी लागे. कणसात दाणा भरू लागला की पहाटे माळ्यावर चढायचे आणि गोफण फिरवत, हाळ्या देत, ऊन चढेपर्यंत पाखरे हाकायची. सुगी झाली की खळ्यावर पोती मोजली जात. इतकी पोती झाली, असे सगळे सांगत. पाखरांनी न खाल्लेली पोती किती, हे कोणी सांगत नसे. ती वेगळी नव्हतीच. त्याच राशीत मिसळलेली होती. आता आमच्याकडे सोयाबीनच फार, ज्वारी थोडी. माळेही गेले आणि राखणदारही गेले. तरी राखण करणारी माणसे अजून आहेत, आणि त्यातले एक माझ्या घरात आहे.

माझी आई गावात आशा कार्यकर्ती आहे. हजारभर वस्तीमागे एक, अशा हिशेबाने नेमलेल्या बायकांपैकी एक. गरोदर बायकांची नोंद ठेवणे, लसीकरणाच्या दिवशी घरोघर जाऊन लेकरे गोळा करणे, तापाच्या रुग्णाच्या रक्ताचा नमुना घेणे, क्षयाच्या रुग्णाने गोळी घेतली का ते पाहणे, अशी तिची कामे. २०२० च्या कोरोनात ती तोंडाला फडके बांधून, हातात तापमान मोजायचे यंत्र घेऊन दारोदार फिरली. काही दारे तिच्या तोंडावर लागली, काहींनी पाण्यालाही विचारले नाही. तिला ठरावीक पगार असा नाही. अमुक काम केले की अमुक मोबदला. बाळंतिणीला दवाखान्यात नेले तर त्याचे पैसे आहेत. पण जो आजार झालाच नाही, त्याचे पैसे कोणत्या रकान्यात मांडणार?

चार-पाच वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. वस्तीवरची एक सून आठ महिन्यांची गरोदर होती. पायांवर सूज, डोके दुखायचे. घरचे म्हणत, असे होतेच. आई एका संध्याकाळी तिला पाहून आली आणि जेवायला बसली ती ताटावरून उठलीच. पुन्हा तिच्या घरी गेली. तिथे सासू म्हणाली, "आमाला नऊ लेकरं झाली, एकदा बी दवाखाना नाही बगितला." आई वाद न घालता ओसरीवर बसून राहिली. रुग्णवाहिका बोलावली आणि पावसात त्या पोरीला घेऊन सास्तूरला, भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या रुग्णालयात गेली. रक्तदाब फार चढलेला होता. डॉक्टरांनी ठेवून घेतले. काही दिवसांनी बाळंतपण झाले. आई सुखरूप, मूल सुखरूप. बारशाला माझी आई बायकांच्या मागच्या ओळीत बसली होती. सगळ्यांना मिळाले तसे तिलाही हळदकुंकू मिळाले. ते पोर आता अंगणवाडीत जाते आणि आईला पाहिले की टोचायला आली म्हणून पळून जाते.

आईचे अक्षर कष्टाचे आहे, म्हणून महिन्याचा अहवाल मी उतरवून देते. त्यात माता मृत्यूचा एक रकाना आहे, बालमृत्यूचा एक आहे. तिथे शून्य लिहीत नाहीत. सरकारी कागदावर त्याला 'निरंक' म्हणतात. त्या महिन्याच्या अहवालातही मी निरंक लिहिले. आधीच्या महिन्यातही तेच होते आणि नंतरच्या महिन्यातही तेच. अहवाल वाचणाऱ्याला त्या तीन शब्दांत काय फरक दिसणार? तरी मधल्या शब्दात एक पावसाळी रात्र आहे.

गेल्या दिवाळीत दादा घरी आला तेव्हा त्याने विषय काढला. त्याचे म्हणणे सरळ होते आणि त्यात आईची काळजी होती, हे मी मान्य करते. आईचे गुडघे दुखतात, रात्री-अपरात्री फोन येतो, मोबदला कधी येतो कधी येत नाही. "सोड आता ते काम," तो म्हणाला. "इतकी वर्षं झाली. काय नाव झालं? काय दिसतंय केलेलं?"

आई भांडी आवरत होती. ती काही बोलली नाही. मी बोलले. मी त्याला मार्टिनेझची आठवण दिली. "तूच म्हणाला होतास, गोल झालाच नाही, मग लिहायचं काय. ती वस्तीवरची पोरगी आहे ना, ती तो न झालेला गोल आहे." मग मी त्याला ब्रह्मानंदांची ५७६ मिनिटे सांगितली, बार्बोझाची पन्नास वर्षे सांगितली. दादा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "अगं, पण त्या माणसाला पद्मश्री तरी मिळाली. आईला काय मिळणार?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. ब्रह्मानंद कर्णधार होते, त्यांच्यामागे हजारो प्रेक्षक होते, घड्याळ लावणारे कोणी तरी होते. आईच्या मागे कोण आहे? 'राखणाऱ्याचे मोल मोठे असते' असे म्हणून आपण तिचे गुडघे दुखत ठेवावेत का? कौतुकाचे शब्द स्वस्त असतात, आणि ते बोलून मोबदल्याचा प्रश्न झाकता येतो, हेही तितकेच खरे. दादाची बाजू खोटी नाही. पण "काय दिसतंय?" हा त्याचा प्रश्न मला पटत नाही. गावात आज जी लेकरे शाळेत पळतात, ज्या बाया शेतात खुरपतात, ते सगळे दिसणेच आहे. त्यात आईचा वाटा किती, तो राशीतून वेगळा काढता येत नाही, इतकेच. आबांच्या ज्वारीसारखा.

यशिनच्या नावाने १९९४ ते २००६ या काळात विश्वचषकात उत्तम गोलरक्षकाला पुरस्कार दिला जाई; २०१९ पासून दर वर्षीची यशिन ट्रॉफी सुरू झाली. तो स्वतः १९९० मध्येच गेला. उत्तरायुष्यात त्याचा एक पायही कापावा लागला होता. हे पुरस्कार त्याला दिसले नाहीत. पण त्यांच्यामुळे लोकांची पाहण्याची सवय थोडी तरी बदलली असावी. मला वाटते, आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना एवढे तर नक्की करता येईल. आपल्या महाविद्यालयात वार्षिक स्नेहसंमेलनात बक्षिसे देतात, गावात सत्कार होतात, ग्रामसभेत भाषणे होतात. तिथे काय काय झाले याची यादी वाचताना, काय काय होऊ दिले नाही याचीही एक यादी वाचावी. पाण्याच्या टाकीत औषध टाकणारा माणूस, पावसात खांबावर चढणारा वायरमन, रात्री गस्त घालणारा, आणि घरोघर फिरणाऱ्या बाया. खो-खोच्या गुणलेखकाला जे जमते ते आपल्याला जमू नये, असे काही नाही. आणि यादी वाचून झाली की त्यांच्या मोबदल्याचेही विचारावे. ते विचारले नाही तर यादी वाचण्यात अर्थ नाही.

त्या रात्री आमचा वाद तिथेच थांबला. आईने हात पुसले आणि दादाला विचारले, "उद्या कितीची गाडी तुझी?" मग जाता जाता म्हणाली, "सोडायचं तर सोडू की. पण रविवारी पोलिओचा डोस आहे, तेवढा होऊ दे."

रविवार झाला. त्यानंतरचेही पुष्कळ रविवार गेले. आई अजून जाते. दादा आता फोनवर तिला गुडघ्यांचे विचारतो, कामाचे विचारत नाही, पण मागच्या महिन्यात त्याने मला विचारले, "त्या वस्तीवरच्या पोराचं नाव काय गं?" मी सांगितले. महिनाअखेरीस मी अहवाल उतरवायला बसते तेव्हा त्या दोन रकान्यांशी आले की घाई करत नाही. निरंक हा शब्द नीट, पूर्ण, ठळक अक्षरात लिहिते.